जुन्या धुराड्यात स्टीलचा पाइप

पाचगणीतल्या आमच्या घराचं धुराडं जांभ्याचं, जुनं. आत हात घातला की चुना भुगा होऊन पडायचा आणि माळ्यावर धुराचा वास यायचा. म्हणून लाकडाच्या स्टोव्हसाठी त्यात स्टीलचा पाइप सोडायचं ठरवलं, आणि पहिल्याच फेरीत चुकलो. भोक मोठं होतं म्हणून आठ इंची आणला. स्टोव्हचं तोंड सहा इंची. रुंद पाइपात धूर मंदावतो, गार पडतो आणि त्यातलं डांबर भिंतीला धरतं. दोन हिवाळ्यांत आत काकवीसारखा चिकट थर! तोच पेटला तर हजार अंशांवर जातो. तेव्हा तोंडाचं माप तेच पाइपाचं माप, वादच नको.

स्टेनलेस पोलाद ३१६ ग्रेडचं घ्या. ३०४ स्वस्त पडतं, पण काजळी आणि आमच्याकडचं चार महिन्यांचं धुकं एकत्र आलं की आम्ल तयार होतं आणि पत्र्याला बारीक भोकं पाडतं.

सोडण्याआधी जुनं धुराडं झाडून घ्या, बॅटरी मारून वाकडं कुठं आहे ते बघा. लवचिक पाइपावर बाण असतो, तो धुराच्या दिशेनं, म्हणजे वर. सरळ तुकड्यांचा पाइप असेल तर वरच्या तुकड्याचं टोक खालच्याच्या आत बसलं पाहिजे, नाहीतर ओघळणारं डांबर सांध्यातून बाहेर येतं. पाइपाभोवती सिरॅमिक वूलचं वेष्टण गुंडाळा. बाहेरून गारठा लागला नाही तर आत डांबर कमी बसतं. हे काम हातमोजे घालूनच करा. मी घातले नव्हते, दोन दिवस मनगटं खाजवत होतो.

आता दोर. पाइपाच्या खालच्या टोकाला निमुळती टोपी, तिला दोर, दोर खाली स्टोव्हपाशी. मी खालून ओढत होतो, मेव्हणा छपरावरून पाइप सोडत होता. मध्येच अडकला. मी जोर लावला तर वरून ओरडला, "दाजी, दमानं! पिळून जाईल." त्याचं बरोबर होतं. ओढायचं नाही, थोडं वर घेऊन, किंचित फिरवून पुन्हा सोडायचं. खाली टी, म्हणजे इंग्रजी T च्या आकाराचा जोड बसवा, तिच्या बुडाला निघणारं झाकण हवंच, साफसफाई तिथूनच होते. वर धुराड्याच्या तोंडावर पाइपाभोवतीची फट झाकणारी पट्टी सील करा आणि टोपी बसवा. पाइप छपराच्या वर किमान तीन फूट, आणि दहा फुटांत छपराचा किंवा भिंतीचा जो भाग असेल त्याच्यापेक्षा दोन फूट उंच ठेवा. मग कागद पेटवून ओढ बघा, म्हणजे धूर वर खेचला जातो का ते. धूर खोलीत आला तर स्टोव्ह वापरू नका. खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच, त्या वायूला वास नसतो.

साफसफाई मी मे महिन्यात करतो, पावसाआधी. काजळी ओली होऊन पाइपात चार महिने राहायला नको. ब्रश नायलॉनचा घ्या. लोखंडी तारेचा घासलात तर लोखंडाचे कण राहून स्टेनलेसलाही गंज धरतो. स्टोव्हचं दार बंद करून त्यावर ओलं पोतं टाका, वरून ब्रश टोकापर्यंत घालून चार-पाच फेऱ्या मारा, मग टीचं झाकण काढून सगळं घमेल्यात. वरच्या टोपीची जाळी विसरू नका, आधी तीच तुंबते. स्टोव्ह पेटवायच्या मोसमातही थर तीन मिलिमीटर झाला की थांबून साफ करा. थर काचेसारखा चकचकीत आणि कडक असेल तर ब्रशनं निघत नाही, जाणकार बोलवा.

पण खरा दोष बहुतेक वेळा लाकडात असतो. आमच्याकडं सिल्वर ओक मुबलक, पडलेला ओंडका लगेच चुलीत घालायची सवय. फोडून वर्षभर शेडमध्ये वाळवा, ओल २० टक्क्यांखाली यायला हवी. दोन फोडी एकमेकींवर आपटा: टण वाजलं तर वाळलंय, थप वाजलं तर परत ढिगावर.

पहिल्या वर्षी घमेलंभर काळं निघालं होतं. यंदा तांब्याभर, तेही कोरडं.