ब्रिटिश रेल्वेचा जुना फोटो कसा वाचावा आणि त्याच्या आठवणी कशा नोंदवाव्यात

ब्रिटनमधल्या रेल्वेप्रेमींच्या मेळाव्यांत जुन्या फोटोंची खोकी हमखास दिसतात. काळी इंजिनं, ओले फलाट, पुलावर उभी असलेली मुलं. बहुतेक फोटोंवर साल नसतं आणि जागाही नसते. इंजिन कोणतं हे अभ्यासकाला आज ना उद्या कळेलच, त्याची कागदपत्रं आहेत. पण फलाटावर दुधाचे कॅन ढकलणारा माणूस कोण होता, हे ज्याला आठवतं तो आज सत्तरी-ऐंशीत आहे. म्हणून असा फोटो हाती आला की तो बाजूला ठेवू नका. पुढच्या क्रमाने कामाला लागा.

१. आधी पाठ बघा

फोटो कडांनी धरा आणि उलटा करा. पेन्सिलीची नोंद, छायाचित्रकाराचा शिक्का, निगेटिव्हचा क्रमांक, जे असेल ते पुढच्या बाजूइतकंच मोलाचं आहे. दोन्ही बाजू स्कॅन करा. पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटला ६०० डीपीआय पुरे, ३५ मिमी निगेटिव्हला २४०० किंवा त्याहून जास्त हवं. मूळ स्कॅन टिफ फाइल म्हणून जसाच्या तसा ठेवा. उजळ करायचा असेल तर त्याची वेगळी प्रत काढा. चिकटपट्टी आणि बॉलपेन दूर ठेवा. काचेच्या निगेटिव्हला ओलं फडकं लावू नका, चित्राचा थरच सुटून येतो.

२. इंजिनाचा नंबर आणि त्यावरची अक्षरं

ब्रिटिश रेल्वेच्या इतिहासात दोन तारखा पाठ असाव्यात. १ जानेवारी १९२३ रोजी शंभराहून अधिक लहानमोठ्या कंपन्या चार मोठ्या कंपन्यांत विलीन झाल्या: ग्रेट वेस्टर्न, सदर्न, लंडन मिडलँड अँड स्कॉटिश आणि लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न. १ जानेवारी १९४८ रोजी या चारही कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण होऊन ब्रिटिश रेल्वेज झाली. त्यामुळे टेंडरवर (इंजिनामागे जोडलेला कोळसा-पाण्याचा डबा) किंवा इंजिनाच्या बाजूच्या पाण्याच्या टाकीवर कंपनीची अक्षरं वाचता आली की निम्मं काम होतं.

पुढचा पुरावा नंबरचा. राष्ट्रीयीकरणानंतर सदर्नच्या बहुतेक नंबरांत ३०,००० मिळवले गेले, लंडन मिडलँडच्या ४०,००० आणि नॉर्थ ईस्टर्नच्या ६०,०००. ग्रेट वेस्टर्नचे नंबर मात्र तसेच राहिले, कारण ते पितळी ओतीव पाट्यांवर होते. १९३८ साली ताशी १२६ मैलांचा विक्रम करणारं 'मॅलार्ड' तेव्हा ४४६८ होतं. १९४६ च्या फेरक्रमांकनात ते २२ झालं आणि १९४८ मध्ये ६००२२. एकाच इंजिनाचे तीन नंबर म्हणजे तुमच्या हातात तीन काळ आले.

ग्रेट वेस्टर्नच्या इंजिनाचं साल नंबरवरून लागत नाही, तिथे इंजिनाचं तोंड बघा. धुराड्याखालच्या गोल दारावर नंबरची पाटी असेल तर फोटो राष्ट्रीयीकरणानंतरचा. त्याआधी ही कंपनी नंबर समोरच्या बफरच्या आडव्या पट्टीवर रंगवत असे. दाराच्या खालच्या भागात छोटी लंबगोल पाटी दिसली तर भिंग घ्या, तो शेडचा, म्हणजे इंजिन ज्या ठाण्याचं त्याचा कोड आहे. ३४ए म्हणजे किंग्ज क्रॉस, ७०ए म्हणजे नाइन एल्म्स, ८१ए म्हणजे ओल्ड ओक कॉमन. काही शेडांचे कोड मधल्या काळात बदलले, म्हणून त्या त्या वर्षाची यादी पाहूनच नाव लिहा.

इथे एक नियम मी फार कडकपणे पाळतो. रंग आणि चिन्हं 'याच्या आधीचा नाही' हे पक्कं सांगतात, 'याच्या नंतरचा नाही' हे सांगत नाहीत. चाकावर उभा असलेला सिंह हे ब्रिटिश रेल्वेजचं चिन्ह १९४९ पासून इंजिनांवर आलं, १९५६ मध्ये त्याच्या जागी नवं चिन्ह ठरलं. पण जुनं चिन्ह इंजिन पुन्हा रंगवायला जाईपर्यंत तसंच राहायचं. म्हणून सिंहावरून खालची मर्यादा घ्या, वरची दुसऱ्या पुराव्यावरून.

जतन केलेल्या इंजिनांनी तर भले भले चकतात. 'फ्लाइंग स्कॉट्समन' हे ४४७२ नंबरचं इंजिन १९३० च्या दशकात हिरवं होतं. १९६३ मध्ये रेल्वेच्या सेवेतून निघून ते खासगी मालकाकडे गेलं, आणि पुन्हा हिरवं, पुन्हा ४४७२ झालं. अशा वेळी इंजिनाच्या मागे बघा. दोन टेंडर जोडलेली असतील तर फोटो १९६६ च्या आधीचा असूच शकत नाही, कारण पाण्यासाठी दुसरं टेंडर तेव्हा जोडलं गेलं.

३. डबे, दारं आणि मोटारी

इंजिनावर सगळ्यांची नजर असते, म्हणून डब्यांवरचे पुरावे सुटतात. दारावर '३' हा आकडा असेल तर तो तिसरा वर्ग. ३ जून १९५६ रोजी त्याचं नाव दुसरा वर्ग झालं. रंगीत स्लाइड असेल तर आणखी सोपं. किरमिजी आणि मलई रंगाचे डबे १९४९ पासून, त्यानंतर १९५६ पासून गडद मरून, आणि निळा-करडा १९६५ पासून.

कृष्णधवल फोटोवरून रंगाचा अंदाज मात्र करू नका. जुन्या कॅमेऱ्यांतल्या ऑर्थोक्रोमॅटिक निगेटिव्ह काचांना लाल रंग दिसतच नसे, त्यामुळे मिडलँड रेल्वेचं झळझळीत लाल इंजिन त्यात कोळशासारखं येतं. उलट कारखान्यातले अधिकृत फोटो नीट यावेत म्हणून नवी इंजिनं मुद्दाम फिक्या करड्या रंगात रंगवत. तो रंग घेऊन ती सहसा धावली नाहीत.

फाटकापाशी उभी मोटार, फलाटावरचं पोस्टर, बायकांच्या स्कर्टची लांबी, हे सगळं नोंदवा. समरसेट अँड डॉरसेट मार्गाचे अप्रतिम फोटो काढणारे आयव्हो पीटर्स आपल्या बेंटली गाडीतून हिंडत, आणि ती बेंटली त्यांच्या कितीतरी फोटोंत कडेला उभी दिसते. तो मार्ग ७ मार्च १९६६ रोजी बंद झाला.

४. जागा शोधा

स्टेशनची पाटी वाचता आली तर उत्तम. पाटी रिकामी आणि फलाटाची कड पांढरी रंगवलेली असेल तर युद्धकाळाची शंका घ्या. १९४० मध्ये शत्रूला दिशा कळू नये म्हणून नावं काढली होती, आणि अंधारात प्रवासी पडू नयेत म्हणून कडा पांढऱ्या केल्या होत्या. सिग्नलचा हात मोकळीक देताना खाली झुकत असेल तर आधी ग्रेट वेस्टर्नचा मुलूख तपासा, बाकीच्यांनी १९२० च्या दशकापासून वर उठणारे हात बसवायला घेतले होते. मग स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरचे जुने ऑर्डनन्स सर्व्हे (ब्रिटनचं सरकारी नकाशा खातं) नकाशे उघडा. तिथे जुना नकाशा आणि आजची उपग्रह प्रतिमा शेजारी शेजारी बघता येतात. वळण, पूल, चर्चचा मनोरा जुळवत जा. सावल्यांवरून दिशा आणि वेळही लागते.

आपल्या वाचकांसाठी एक खास उदाहरण. स्टॅफर्डशरच्या दरीतली, मोठा हेडलाइट लावलेली नॅरोगेज गाडी बघून 'ही तर हिंदुस्थानातली' असं वाटलं तर ते उगाच नाही. ती लीक अँड मॅनिफोल्ड लाइट रेल्वे. तिचे इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप, म्हणजे ज्यांनी आपली बार्शी लाइट रेल्वे उभारली तेच. दोन्हींचं रुंदीमाप अडीच फूट, आणि इंजिनं लीड्सच्या किट्सन कारखान्याची. मॅनिफोल्डची गाडी १९०४ ते १९३४ एवढीच धावली, म्हणजे फोटोचं साल तीस वर्षांच्या आत आपोआप येतं. बार्शीची गाडीही आधी लीड्सजवळ न्यूले इथे चाचणीच्या रुळांवर चालवून पाहिली होती. कुर्डूवाडी किंवा पंढरपूरच्या ज्येष्ठांना मॅनिफोल्डचा फोटो दाखवा. त्यांना काहीतरी ओळखीचं दिसेल.

५. आठवण विचारा, पण साल सांगू नका

हा सगळ्यात नाजूक भाग. १९४२ पासून इयान ॲलन यांनी इंजिनांच्या नंबरांच्या छोट्या पुस्तिका काढल्या, आणि पाहिलेल्या नंबराखाली रेघ मारणाऱ्या मुलांची एक पिढी त्यांवर वाढली. त्यांतली बरीच माणसं आजही बोलायला उत्सुक असतात. त्यांच्यासमोर फोटो ठेवा आणि गप्प बसा. तुम्ही काढलेलं साल आधी सांगितलंत तर त्यांची आठवण त्या सालाभोवती गोळा होते.

'कोणतं साल?' हा प्रश्न सुरुवातीला नको. तेव्हा कितवीत होतात, बरोबर कोण होतं, कुठे उभं राहून बघायचात, गाडी शाळेच्या आधी यायची की नंतर, असं विचारा. आवाज विचारा, वास विचारा. चढावर इंजिनाची धाप कशी बदलायची, फायरमन कधी फावडं पुढे करून मुलांना वर बोलवायचा का, हे फोटोत येत नाही. बोलणं रेकॉर्ड करा, आधी परवानगी घेऊन. ज्यांनी १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर नोकरी गमावली किंवा गावचं स्टेशन बंद होताना पाहिलं, त्यांच्याशी बोलताना घाई नको. त्या अहवालात दोन हजारांहून जास्त स्टेशनं बंद करण्याच्या यादीत होती. फोटोतला फलाट त्यांतला असेल तर सांगणाऱ्याचा आवाज मध्येच थांबतो. थांबू द्या.

आठवण आणि पुरावा जुळले नाहीत तर वाद घालू नका. समजा कुणी ठामपणे म्हणालं की साउथॅम्प्टनला रोजच्या गाडीला वाफेचं इंजिन आपण १९६८ च्या उन्हाळ्यात पाहिलं. सदर्न विभागातली वाफ ९ जुलै १९६७ रोजी संपली. तरी त्यांचं वाक्य खोडू नका, जसं आहे तसं लिहा आणि शेजारी तारीख द्या. चूक वर्षाची आहे, पाहण्याची नाही.

६. तीन ओळींत लिहा

प्रत्येक फोटोखाली तीन वेगळ्या ओळी ठेवा: काय दिसतं, त्यावरून काय ठरतं, कुणी काय सांगितलं. उदाहरणार्थ:

दिसतं: ग्रेट वेस्टर्न घडणीचं टँक इंजिन, टाकीवर चाकावरचा सिंह, डब्याच्या दारावर ३.
ठरतं: १९४९ च्या आधीचा नाही, १९५६ च्या उन्हाळ्याच्या फार पुढचा नसावा.
सांगितलं: संध्याकाळची शेवटची गाडी, गार्ड शाळेच्या मुलांसाठी थांबायचा.

या ओळी एकात मिसळल्या की दहा वर्षांनी कुणालाच कळत नाही की कोणतं वाक्य कुठून आलं.

७. मग दुसऱ्यांना दाखवा

प्रिंट विकत घेतली म्हणजे फोटोचा हक्क मिळत नाही. ब्रिटनमध्ये साधारणपणे छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं तो हक्क राहतो. शिक्क्यावर नाव असेल तर वारसांचा शोध घ्या आणि लेखी परवानगी मागा. ज्यांनी आठवण सांगितली त्यांनाही विचारा की नाव द्यायचं का. फोटो कुठे कायमचा द्यायचा असेल तर यॉर्कचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय, त्या जिल्ह्याचं अभिलेखागार किंवा तो मार्ग आज स्वयंसेवक चालवत असतील तर त्यांचा संग्रह, यांना आधी पत्र लिहा. फोटोबरोबर तुमच्या तीन ओळी आणि रेकॉर्डिंगची प्रतही द्या. एकटा फोटो देऊ नका.