‘श्रिंक’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आणि उगम कसा शोधावा

धुतल्यावर कापड आटते तेव्हा इंग्रजीत ‘श्रिंक’ हे क्रियापद येते, भीतीने माणूस मागे सरतो तेव्हाही तेच येते, अर्थव्यवस्था आक्रसली तरी तेच वापरतात, आणि बोलीभाषेत मनोविकारतज्ज्ञालाही हेच नाव आहे. हे चार अर्थ सुटे सुटे पाठ केले तर ते फार काळ लक्षात राहत नाहीत. मात्र ते कोणत्या मुळापासून फुटले हे एकदा कळले, की वाचताना कोणता अर्थ घ्यायचा आणि लिहिताना हा शब्द कोठे वापरायचा याचा अंदाज आपोआप येऊ लागतो.

सुरुवात योग्य कोशापासून करावी. शिकणाऱ्यांसाठी तयार केलेले कोश बहुधा सर्वांत प्रचलित अर्थ आधी देतात. त्यामुळे ‘श्रिंक’ पाहणाऱ्याला प्रथम कापडच भेटते आणि मूळ अर्थ तोच असावा असा ग्रह होतो. याउलट ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी, जिचा पहिला भाग १८८४ मध्ये आणि शेवटचा १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला, अर्थांची मांडणी ऐतिहासिक क्रमाने करते आणि प्रत्येक अर्थाखाली सालासह उतारे देते. मरियम-वेब्स्टरच्या कोशातही जुना अर्थ आधी येतो. म्हणून अर्थाचा प्रवास पाहायचा असेल तर यांपैकी एखादा कोश घ्यावा, आणि अर्थ वाचण्यापूर्वी व्युत्पत्तीची ओळ वाचावी. त्या ओळीत एखाद्या रूपाआधी तारांकन दिसले, तर ते रूप कोणत्याही लिखित पुराव्यात सापडलेले नसून नात्यातल्या भाषांची तुलना करून अभ्यासकांनी सिद्ध केलेले आहे, असे समजावे. अनेक वाचक हे चिन्ह दुर्लक्षितात आणि अनुमानाला पुरावा समजून पुढे जातात.

‘श्रिंक’च्या बाबतीत ही ओळ आपल्याला जुन्या इंग्रजीतील ‘श्रिंकान’ या क्रियापदापर्यंत नेते. त्याचा अर्थ हातपाय आखडून घेणे, सुरकुतणे, कोमेजणे असा होता. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी कापड नसून सजीव शरीर आहे, आणि माझ्या मते हीच या शब्दाची खरी किल्ली आहे. शेक्सपिअरच्या १५९३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘व्हीनस अँड अडोनिस’ या काव्यात एक गोगलगाय येते. तिच्या नाजूक शिंगांना धक्का लागतो आणि वेदनेने ती आपल्या कवचात मागे सरते. तिथे क्रियापद ‘श्रिंक’ आहे. गोगलगायीचे अंग आखडते, आकार लहान होतो आणि ती मागेही हटते; या तीन क्रिया तिच्या बाबतीत वेगळ्या काढताच येत नाहीत. पुढे भाषेने त्या वेगळ्या केल्या. आकार लहान होण्याचा धागा लोकरीकडे आणि तिथून बाजारपेठेकडे गेला, तर मागे हटण्याचा धागा जबाबदारीला कचरणाऱ्या माणसाकडे गेला. मराठीतील ‘अंग चोरणे’ या प्रयोगात हे दोन्ही धागे अजून एकत्र आहेत.

उगम तपासताना त्या शब्दाचे नातलगही पाहावेत. स्वीडिश भाषेत ‘स्क्रिंका’ म्हणजे सुरकुत्या पडणे. इंग्रजीत ‘श’ आणि तिकडे ‘स्क’, हा फरक योगायोगाचा नाही. इंग्रजी, जर्मन, स्वीडिश ज्या जर्मानिक भाषाकुळातल्या आहेत, त्यातील जुन्या ‘स्क’ ध्वनीचा इंग्रजीत ‘श’ झाला, पण उत्तरेकडील भाषांत तो टिकला. ‘शर्ट’ हा इंग्रजीचा घरचा शब्द आणि ‘स्कर्ट’ हा उत्तरेकडून आलेला शब्द, ही एकाच मुळाची जोडी त्याच बदलाची साक्ष देते. ‘श्रिंक’ लॅटिनमधून आलेला नाही, याची आणखी एक खूण त्याच्या रूपांत आहे. ‘श्रिंक, श्रँक, श्रंक’ ही रूपे ‘ड्रिंक, ड्रँक, ड्रंक’प्रमाणे आतला स्वर बदलून होतात, आणि ही पद्धत जर्मानिक वारशाची आहे. अमेरिकी वापरात भूतकाळासाठीही ‘श्रंक’ चालते. काळजीपूर्वक लिहिताना मात्र ‘श्रँक’ हेच रूप ठेवावे. ‘श्रंकन’ हे रूप आज बहुधा नामाआधी विशेषण म्हणूनच येते.

मनोविकारतज्ज्ञाचा अर्थ मात्र या क्रमात सरळ बसत नाही, आणि असा अर्थ भेटला की आधी मधली पायरी शोधावी. येथे ती पायरी ‘हेड-श्रिंकर’ ही आहे. इक्वेडोर आणि पेरूमधील शुआर लोकांत शत्रूच्या शिराची कवटी काढून टाकून त्वचा उकळून व तापवून लहान करण्याची प्रथा होती. तिच्यामुळे हा जोडशब्द इंग्रजीत परिचित झाला. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकी बोलीत तो मनोविकारतज्ज्ञाला थट्टेने लावला गेला, आणि १९६० च्या दशकात त्याचे ‘श्रिंक’ असे संक्षिप्त रूप रूढ झाले. औपचारिक लेखनात हा अर्थ वापरू नये.

यानंतर शेजारचे शब्द समोर ठेवावेत. लोकर आटते तेव्हा तिच्यातून काही काढून घेतलेले नसते, तंतू केवळ जवळ येऊन घट्ट बसतात. म्हणून तिथे ‘श्रिंक’ चपखल बसते. ‘डिमिनिश’च्या मुळाशी लॅटिनमधील ‘कमी, लहान’ हा अर्थ आहे, त्यामुळे सामर्थ्य, महत्त्व, लाभ यांसारख्या गोष्टींना ते शोभते. ‘ड्विंडल’ हे जुन्या ‘ड्वाइन’, म्हणजे झिजत जाणे, या क्रियापदापासून सोळाव्या शतकाच्या अखेरीस आले. साठा हळूहळू संपत चालला आहे, हे सांगायला त्याच्याइतका नेमका शब्द मला दुसरा दिसत नाही. ‘काँट्रॅक्ट’ म्हणजे एकत्र ओढले जाणे: स्नायू, थंड होणारा धातू, आणि करारही. ‘डिक्रीज’ हे वाढीच्या उलट, मुख्यतः संख्येसाठी. या सीमा पोलादी नाहीत, कारण मनुष्यबळ घटले तरी ‘श्रिंक’ वापरतात. पण शब्द निवडताना त्यांचा उपयोग होतो.

दिसण्यावरून नाते ठरवणे मात्र टाळावे. ‘डिक्रीज’मधील ‘क्रीज’चा कापडाच्या चुणीशी संबंध नाही; ते लॅटिनमधील ‘वाढणे’ या अर्थाच्या धातूपासून आले असून, वाढत्या चंद्रकोरीचा ‘क्रेसेंट’ हा त्याचा सख्खा भाऊ आहे. ‘मिनिएचर’ हा शब्द पाहून तो ‘डिमिनिश’च्या कुळातला असावा असे कोणालाही वाटेल, पण त्याचा उगम लॅटिनमधील ‘मिनियम’ म्हणजे शेंदूर यात आहे. हस्तलिखितांतील अक्षरे आणि चित्रे शेंदराने रंगवत. ती चित्रे लहान असत, आणि ‘मायनर’, ‘मिनिमम’ यांसारख्या शब्दांशी असलेल्या ध्वनिसाम्यामुळे ‘लहान’ हा अर्थ त्या शब्दाला कायमचा चिकटला. म्हणून दोन शब्द सारखे वाटले, तर दोघांच्याही व्युत्पत्तीच्या ओळी स्वतंत्रपणे वाचाव्यात आणि त्या एकाच मूळ रूपापाशी मिळत असतील तरच नाते मान्य करावे.