दातांचा दवाखाना आणि सातवी आज्ञा

श्रद्धेप्रमाणे दातांचा दवाखाना चालवायचा असेल तर सुरुवात दरपत्रकापासून करा. क्रूस कुठल्या भिंतीवर लावायचा, उद्घाटनाला फादरना कधी बोलवायचं, पवित्र पाणी शिंपडताना एक्स-रे मशीन झाकायचं का (झाकायचं), हे सगळं नंतर.

मी मुंबईतल्या मरोळची, ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या कॅथलिक समाजातली. दवाखाना गावठाणाच्या तोंडाशी. खुर्चीत बसणाऱ्यांमध्ये सीप्झमधली दागिने घडवणारी पोरं, सुक्या मासळीच्या बाजारातल्या मावश्या, साकीनाक्याचे रिक्षावाले आणि अलीकडे टॉवरमधली आयटीवाली मंडळी. कॅथलिक त्यात थोडेच. नवीन बीडीएस (दंतवैद्यकाची पदवी) झालेली आमच्या पॅरिशमधली, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतली, मुलंमुली भेटली की विचारतात, ‘डॉक्टर, आपल्या श्रद्धेप्रमाणे प्रॅक्टिस करायची तर नेमकं काय करायचं?’ बहुतेकांच्या मनात वर्षाला एक फुकट शिबिर असतं. मी त्यांना बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी सातवीकडे नेते. आपल्या कॅथलिक क्रमात ती ‘चोरी करू नको’. आपल्या धंद्यात चोरी फार सोपी आहे. पेशंटला स्वतःची दाढ दिसत नाही, एक्स-रे वाचता येत नाही आणि तोंड उघडं असल्यामुळे प्रश्नही विचारता येत नाही.

म्हणून दर आधी ठरवा, आणि शेजारच्या डॉक्टरचा दर बघून ठरवू नका. कागद घ्या. समजा भाडं ७०,०००, दोन असिस्टंटचे पगार ४४,०००, वीज-पाणी-दुरुस्ती वगैरे १६,००० आणि तुमचा स्वतःचा पगार ८०,०००. स्वतःचा पगार लिहायला लाजू नका. तो लिहिला नाही तर महिनाअखेरीस तो पेशंटच्या दाढेतून निघतो. झाले २,१०,०००. महिन्याला २५ दिवस, दिवसाला खुर्चीवरचे प्रत्यक्ष सहा तास धरले तर १५० तास. म्हणजे खुर्चीचा एक तास १,४०० रुपयांना पडतो. दाढेच्या रूट कॅनालला सगळ्या बैठका मिळून दोन तास लागत असतील तर २,८००, वर फाइल्स (मुळाची नळी साफ करायच्या बारीक सुया), गटापर्चा (नळीत भरायचं सामान), भूल, एक्स-रे यांचे समजा ९००. झाले ३,७००. कॅपचं लॅबचं बिल वेगळं. त्यावर मशीनची झीज आणि गरजूंसाठीचा वाटा मिळवा आणि गोल आकडा लिहा. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही घाला. पण हा कागद केल्याशिवाय कुणालाही सवलत देऊ नका. खर्च माहीत नसताना केलेला दानधर्म शेवटी असिस्टंटच्या पगारातून जातो.

दरपत्रक मराठीत आणि हिंदीत, बसायच्या जागेत, वाचता येईल अशा अक्षरात लावा. ‘सुरुवात अमुकपासून’ असं लिहू नका. त्या ‘पासून’मध्येच सगळी गोम असते.

आता गरजू पेशंट. नेपल्सचे डॉक्टर जुझेप्पे मोस्काती (१८८०–१९२७, संतपद १९८७) यांच्याविषयी सांगतात की ते तपासणीच्या खोलीत टोपली ठेवायचे. ज्याच्याकडे आहे त्याने टाकावं, ज्याला गरज आहे त्याने उचलावं. मरोळमध्ये टोपली ठेवली तर लोक दानपेटी समजून हात जोडतील आणि पुढे जातील. मी वही ठेवते. पूर्ण दराच्या प्रत्येक बिलातला ठरावीक वाटा त्या वहीत जमा होतो, सवलतीचा खर्च तिथून वजा होतो. वही माझ्या टेबलाच्या खणात, रिसेप्शनवर नाही.

उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये, हे मत्तयच्या शुभवर्तमानातलं वाक्य आपल्याला तोंडपाठ असतं, पण दवाखान्यात ते पाळायला बंदोबस्त लागतो. सवलतीचं बोलणं फक्त डॉक्टरने करायचं, आणि दार लावून. बिल सगळ्यांचं एकाच नमुन्याचं, पूर्ण रकमेचं, खाली ‘मिळाले’ आणि ‘वहीतून’ असे दोन रकाने. रेशनकार्ड मागायचं नाही. माणसाची चप्पल आणि त्याने दुखणं किती महिने अंगावर काढलंय हे बघून पुष्कळ कळतं, आणि कधी कुणी फसवलंच तर फसवू द्या. कुणी पन्नास रुपये पुढे केले तर ते घ्या. नको-नको म्हणून परत करू नका, तो माणूस तुमच्या बरोबरीने व्यवहार करू पाहतोय. सिमेंट, फाइल्स, भूल सगळ्यांना एकच. स्वस्तातलं सामान ‘त्यांच्यासाठी’ वेगळं ठेवणारे दवाखाने मी पाहिलेत. आणि शिबिराचे फोटो काढू नका. कुणाच्याही उघड्या तोंडाशेजारी तुमचं हसू छापून येण्याचं काही कारण नाही.

आपल्या आवाक्याबाहेरचं काम मुंबई सेंट्रलला नायरच्या डेंटल कॉलेजात किंवा सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारातल्या सरकारी डेंटल कॉलेजात पाठवा. पण नुसतं ‘नायरला जा’ म्हणू नका. चिठ्ठीवर निदान, दाताचा नंबर, दिलेली औषधं, ॲलर्जी लिहा, एक्स-रे सोबत द्या, सकाळी लवकर पोचायला सांगा. रोजंदारीवरच्या माणसाचे तिकडे चार खेपांत चार दिवस बुडणार असतील तर तेही हिशेबात धरा. कधी कधी तुमच्याकडे निम्म्या दरात एका बैठकीत झालेलं काम त्याला फुकटापेक्षा स्वस्त पडतं.

मग येतं बोलणं. उपचार सांगताना सगळे मार्ग सांगा आणि सगळ्यात स्वस्त मार्ग आधी: सहा महिने काहीच न करता बघणं, काढून टाकणं, भरणं, किंवा रूट कॅनाल. ‘काही करू नका’ हे सांगणं फार जड जातं, त्याचं बिल होत नाही ना. पण वरवरचा काळा डाग दिसला की ड्रिल उचलणारा हात आवरायला शिका. ‘इन्फेक्शन मेंदूत जाईल’ हे वाक्य दवाखान्यातून हद्दपार करा. सूज खरोखर गळ्याकडे उतरत असेल तर आधी हॉस्पिटलात पाठवायचं, भीती घालून ॲडव्हान्स घ्यायचा नाही. आमच्याकडून महाकाली केव्ह्ज रोडवरचं होली स्पिरिट जवळ आहे. तुमच्या जवळचं कुठलं ते आजच ठरवून नंबर लावून ठेवा.

कट प्रॅक्टिसबद्दल, म्हणजे पेशंट पाठवल्याच्या कमिशनबद्दल, थोडक्यात. स्कॅन सेंटरवाला पाकीट घेऊन येईल, दिवाळीला तर हमखास. डेंटिस्टच्या आचारसंहितेत कमिशन निषिद्ध आहे, तेव्हा यात श्रद्धेचा प्रश्न नंतर, आधी कायद्याचा. मी म्हणते, ‘ही रक्कम पेशंटच्या बिलातून कमी करा आणि तसं पावतीवर लिहा.’ काही जण करतात. बाकीचे पुन्हा येत नाहीत.

लग्नसराईतली ‘स्माइल पॅकेजेस’ हा वेगळा त्रास. व्हिनियर म्हणजे दातावर पुढून चिकटवायचा पातळ पापुद्रा. त्यासाठी बहुतेक वेळा चांगल्या दाताचं इनॅमल घासावं लागतं, आणि ते परत येत नाही. चोवीस वर्षांच्या नवरीला महिनाभरात आठ दात घासून हवे असतील तर आधी साफसफाई आणि ब्लीचिंग सुचवा, आणि तरीही हट्ट असेल तर नाही म्हणा. ती दुसरीकडे जाईल. जाऊ द्या. मुलाकडच्यांनी सांगितलंय म्हणून आलेली असेल तर तिच्याशी एकटीशी बोला, आईला बाहेर बसवून.

आता ज्या कामाला मी सगळ्यात जास्त वेळ देते ते. खुर्चीत कुणीही बसलं, अगदी तुटलेल्या कॅपसाठी, तरी दाताला हात लावण्याआधी गाल, जीभ, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग, टाळू आणि मान बघा. दोन मिनिटं लागतात. पेशंटची स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात जातात का ते बघा. जात नसतील, गाल आतून पांढरट आणि ताठ लागत असेल, तिखट सोसत नसेल, तर सुपारी-गुटख्याने तोंड आवळत चाललंय. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. कुठे मिळतो ते मरोळ नाक्यावरचं शेंबडं पोरही सांगेल.

‘तंबाखू खाता का?’ असं विचारू नका. उत्तर ‘नाही’ येतं, आणि ते खोटंही नसतं. मासळीबाजारातल्या मावशीच्या लेखी मशेरी म्हणजे दात घासायची वस्तू. ‘मावशी, मशेरी सकाळी एकदाच लावता की दुपारीपण?’ असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. ‘दुपारीपण, आणि झोपताना. त्याशिवाय झोप येत नाय डॉक्टर.’ तिथे ओरडायचं नाही. पापनिवेदनाला बसल्यावर जाळीपलीकडचा फादर खेकसला असता तर आपण पुन्हा गेलो असतो का? आधी झोपतानाची बंद करायला सांगा, मग दुपारची. ती पुन्हा आली पाहिजे, तपासणीतलं निम्मं यश त्यातच आहे.

पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, किंवा फोड दिसला तर तुटक्या दाताची टोचणारी धार गुळगुळीत करा, तारीख लिहा आणि दोन आठवड्यांनी बोलवा. आली नाही तर फोन करा. हा फोन तुम्ही स्वतः करायचा. जखम तशीच असेल तर बायोप्सीला पाठवा, गरज पडली तर परळला टाटा मेमोरियलला. पहिल्यांदाच बघताना दिसायला वाईट वाटलं तर दोन आठवडेही थांबू नका. ‘काही नाही, मलम लावा’ म्हणून धीर देणं हे दयाळूपण नव्हे. आणि ‘कॅन्सर’ हा शब्द तपासणीच्या आधी उच्चारू नका, पण ‘तपासून घ्यायलाच हवं, मी सोबत चिठ्ठी देते, कुणाबरोबर जाल?’ हे लगेच विचारा. एकटी जाणारी बाई बहुतेक वेळा जात नाही. आमच्या पॅरिशच्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी या गरजूंना मदत करणाऱ्या संस्थेतली माणसं अशा वेळी सोबत जातात, पेशंट कुठल्याही धर्माचा असो. तुमच्या पॅरिशमध्ये विचारून बघा, नातेवाईकांचा पर्याय संपल्यावर हाच असतो.

असिस्टंटचा पगार. बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकात सांगितलंय की मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या; १८९१ साली तेराव्या लिओ पोपनी ‘रेरुम नोवारुम’ या कामगारांविषयीच्या परिपत्रकात त्याच न्याय्य वेतनाचा धागा पुढे नेला. माझ्याकडे त्याचा अर्थ इतकाच: महिन्याच्या एक तारखेला आधी त्यांचे पगार, मग लॅब, मग डीलर, मग मी. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीनही डोस दवाखान्याच्या खर्चाने, कामाला लागतानाच. एक्स-रे काढताना फिल्म धरायला असिस्टंटला कधीही उभं करू नका. फिल्म होल्डर मिळतो, नाहीतर पेशंट स्वतः धरेल. आणि तिला बसायला स्टूल द्या. दिवसभर उभं राहून सक्शन धरणाऱ्या बाईच्या पायाकडे बघायला कुणाला सुचत नाही.

निर्जंतुकीकरणावर लांबड लावत नाही, कॉलेजात शिकलात. प्रत्येक पेशंटला ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) निघालेला नवा सेट, हँडपीससकट (ड्रिलची मूठ). आठवड्याला एकदा स्पोअर टेस्ट, म्हणजे ते यंत्र जंतू खरंच मारतं का याची चाचणी, निकाल फाइलला. एचआयव्ही असलेल्या माणसाला ‘शेवटचा नंबर घ्या’ म्हणू नका. तुमचं ऑटोक्लेव्ह नीट चालत असेल तर त्याची गरज नाही, चालत नसेल तर कुणालाच बसवू नका. भेदभाव करायला २०१७ च्या कायद्यानेही मनाई आहे. कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग पाळा, आणि चांदी भरलेला काढलेला दात पिवळ्या पिशवीत टाकू नका. ती पिशवी जाळली जाते आणि चांदीच्या मिश्रणातला पारा हवेत जातो. त्या भट्टीच्या बाजूला राहणाऱ्यांनी तो का श्वासात घ्यावा?

क्रूसाचं आता सांगते. छोटा असू द्या, तुमच्या केबिनमध्ये. बसायच्या जागेत धार्मिक पत्रकं ठेवू नका. दुखऱ्या माणसाला पळून जाता येत नाही, त्याचा फायदा घेऊ नये. कुणी ‘डॉक्टर, माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हणालं तर करा, घरी. डेंटिस्टांची संत म्हणजे संत अपोलोनिया, इसवी सन २४९ च्या सुमारास अलेक्झांड्रियात हुतात्मा झालेली. छळ करणाऱ्यांनी तिचे दात पाडले होते. तिच्या चित्रात हातात चिमटा आणि चिमट्यात दात असतो. ते चित्र लहान मुलांना दिसेल अशा जागी लावू नका! माझ्याकडे ते ऑटोक्लेव्हच्या वर आहे. ९ फेब्रुवारीला तिचा सण आणि ११ ला जागतिक रुग्ण दिन, म्हणून बालवाडीतल्या मुलांची तपासणी मी त्या आठवड्यात ठेवते. फोटोविना.

राहता राहिला रविवार. मुंबईत डेंटिस्टचा खरा धंदा रविवारी. नोकरदारांना तोच दिवस मोकळा. कुणीही हिशेबनीस तुम्हाला रविवारी उघडायलाच सांगेल. मी बंद ठेवते आणि त्या बदल्यात शनिवारी रात्री साडेनऊपर्यंत व मंगळवार-गुरुवारी सकाळी सातपासून बसते. विरारहून सीप्झला येणाऱ्यांना सकाळची वेळ उलट आवडते. असिस्टंटना त्या जादा तासांचे पैसे वेगळे. सूज, न थांबणारं रक्त, पडून निखळलेला दात यांना मात्र रविवार नाही. निखळलेला पक्का दात मुळाला न धरता, दुधात ठेवून तासाभरात आणायचा, हे दरवाज्यावरच्या पाटीवर लिहून ठेवा. चर्चमध्ये मिसा, म्हणजे रविवारची उपासना, चालू असली तरी मी उठून जाते, आणि फादरांनी आजवर भुवई वर केलेली नाही.

गुड फ्रायडे आणि नाताळला मात्र कुणीतरी लागतंच. गल्लीतल्या एका जैन डॉक्टरांशी ठरवून ठेवलंय: त्या दोन दिवशी माझे पेशंट त्यांच्याकडे, संवत्सरीला त्यांचे माझ्याकडे. अट एकच, तातडीचं तेवढंच काम करायचं, त्याचे पैसे करणाऱ्याने घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी चिठ्ठी देऊन पेशंट परत पाठवायचा.