स्लेड ओढणाऱ्या कुत्र्यांचा ईसीजी: शर्यतीआधीची तयारी

अलास्कातल्या इडिटारॉड या लांब पल्ल्याच्या स्लेड (बर्फावरची घसरगाडी) शर्यतीआधी प्रत्येक कुत्र्याचा ईसीजी आणि रक्ततपासणी होते. एका चमूची डझनभर कुत्री ओळीने टेबलावर येणार, म्हणून सगळी मांडामांड आधीच हवी.

धावून आलेल्या कुत्र्याला लगेच घेऊ नका. धाप बसू द्या, अंग कोरडं आणि उबदार होऊ द्या. कुडकुडणाऱ्या कुत्र्याच्या ईसीजी-पट्टीवर स्नायूंची थरथर इतकी उमटते की पी-लहर (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची छोटी लहर) सापडत नाही. गुंगीचं औषध टाळाच. मेडेटोमिडीनने ठोके मंदावतात, एव्ही ब्लॉकही (वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे जाणारा विद्युतसंदेश अडणं) दिसू लागतो, आणि तो औषधामुळे की हृदयामुळे हे सांगता येत नाही.

धातूच्या टेबलावर रबरी चटई घाला. कुत्रा उजव्या कुशीवर, पाय अंगाशी काटकोनात, पुढच्या दोन पायांमध्ये टॉवेलची घडी. पायांना लावायच्या ईसीजीच्या क्लिपांचे दात चपटे करून ठेवा. कातडी चिमटली की कुत्रा पाय ओढतो आणि रेघ हलते. केस फाकवून जेल थेट कातडीला लावा. अमेरिकी रंगपद्धतीत पांढरी क्लिप उजव्या पुढच्या पायाला, काळी डाव्या पुढच्या, लाल डाव्या मागच्या, हिरवी उजव्या मागच्या. लीड १ मध्ये (पुढच्या दोन पायांमधली नोंद) पी आणि क्यूआरएस (खालच्या कप्प्यांच्या लहरींचा गट) दोन्ही उलटे दिसले, तर आधी पुढच्या क्लिपांची अदलाबदल झाली आहे का ते पाहा.

कागदाचा वेग सेकंदाला ५० मिमी, १ मिलिव्होल्टला १० मिमी. आर-लहर (क्यूआरएसमधलं उंच टोक) कागदाबाहेर गेली तर उंची निम्मी करा, पण तसं पट्टीवर लिहा. नाहीतर पुढचा वाचणारा फसेल.

वाचताना खरी काळजी इथे घ्यावी लागते. मोठ्या कुत्र्यांच्या नेहमीच्या तक्त्यात क्यूआरएसची रुंदी ०.०६ सेकंदापर्यंत, म्हणजे या वेगाला तीन बारीक चौकोन, आणि लीड २ मधली (उजवा पुढचा ते डावा मागचा पाय) आर-लहर ३ मिलिव्होल्टपर्यंत धरतात. कसून तयार झालेली निरोगी स्लेड कुत्री या मर्यादा सहज ओलांडतात, कारण सरावाने त्यांची डावी जवनिका (हृदयाचा डावा खालचा कप्पा) मोठी झालेली असते. निव्वळ तक्त्यावर बोट ठेवून अशा कुत्र्याला बाद करणं हा अन्याय आहे. त्याची आधीची पट्टी जवळ ठेवा आणि तिच्याशी ताडून पाहा. श्वासाबरोबर कमी-जास्त होणारे ठोकेही नेहमीचेच. विश्रांतीत क्वचित एखादा ठोका गळला, तर कुत्र्याला भरभर फिरवून आणा आणि पट्टी पुन्हा काढा. ठोके मंद करणाऱ्या व्हेगस नसेच्या जोरामुळे झालेला ब्लॉक ठोके वाढले की सहसा जातो.

वेळेआधी आलेला, पी-लहर नसलेला, रुंद आणि वेडावाकडा ठोका मात्र सरावाच्या खात्यावर टाकू नका. तो दिसला की पट्टी थांबवू नका, काही मिनिटं चालू ठेवा, रक्तातलं पोटॅशियम पाहा, आणि हृदयाची सोनोग्राफी होईपर्यंत त्या कुत्र्याला हार्नेस चढवू नका.