अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीत नवीन आलात? काउंटीचं बजेट समजून घ्या, आणि तेही मे महिन्याच्या आत

दरवर्षी मे उजाडला की आमच्या मराठी ग्रुपवर तेच सुरू होतं. आफ्टरस्कूलची वेटलिस्ट हलत नाहीये, लायब्ररीचे तास कमी होणार म्हणे, घराचं टॅक्स बिल केवढं वाढलंय बघा, चला सगळे मिळून पिटिशन करू. आणि नेमकं त्याच सुमाराला काउंटीचं बजेट पास होऊन गेलेलं असतं, पुढच्या वर्षभराची माणसं आणि पैसे ठरून गेलेले असतात. नवीन आलेल्या प्रत्येक बॅचचं हेच होतं आणि बघून खरंच जीव तुटतो, कारण ही सगळी हुशार, धडपडी माणसं आहेत, फक्त कुणी वेळेवर सांगितलेलं नसतं. म्हणून एकदा बसून लिहितेय.

पहिलं म्हणजे तुम्ही नक्की कुठे राहता ते तपासा. पत्त्यावर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका. व्हर्जिनियात सिटी आणि काउंटी ही पूर्ण वेगळी सरकारं असतात, सिटी ही काउंटीचा भाग नसते. फेअरफॅक्स सिटी वेगळी, फेअरफॅक्स काउंटी वेगळी. पत्त्यात अलेक्झांड्रिया किंवा फॉल्स चर्च लिहिलेली कितीतरी घरं प्रत्यक्षात फेअरफॅक्स काउंटीत आहेत, आणि पत्त्यात शँटिली असलेलं साउथ रायडिंगचं घर लाउडन काउंटीत. हर्नडन आणि व्हिएन्नाची गंमत अजून निराळी, ती टाउन आहेत, म्हणजे काउंटीच्या आतच पण स्वतःची छोटी कौन्सिल आणि स्वतःचा थोडा टॅक्स वेगळा. काउंटीच्या वेबसाइटवर पत्ता टाकला की तुमचा मॅजिस्टेरियल डिस्ट्रिक्ट, म्हणजे मतदारसंघ, आणि तिथून निवडून आलेला सुपरवायझर कोण ते लगेच कळतं. सेंटरव्हिलवाले बहुतेक सलीत, रेस्टनवाले हंटर मिलमध्ये, असे एकूण ९ डिस्ट्रिक्ट. हे नाव पाठ करा, पुढे लागणार आहे.

कारभार समजायला सोपा आहे. पुण्यात कसं, आयुक्त अंदाजपत्रक मांडतात आणि स्थायी समिती त्यात बदल करते, साधारण तसंच इथे. काउंटी एक्झिक्युटिव्ह हा नेमलेला अधिकारी, तो बजेट मांडतो. बोर्ड ऑफ सुपरवायझर्स म्हणजे निवडून आलेले १० जण, ९ डिस्ट्रिक्टचे आणि एक चेअरमन जो अख्ख्या काउंटीतून निवडून येतो. हेच १० जण बजेट कमिटी म्हणून बसतात तेव्हा खरी चर्चा होते, आकडे उलगडले जातात, कुठल्या खात्यात किती माणसं लागतात यावर प्रश्न विचारले जातात. पक्क्या मतदानाच्या मीटिंगला तुम्हाला फक्त हात वर झालेले दिसतील. कमिटीच्या मीटिंगा ऑनलाइन बघता येतात, भाजी चिरता चिरता ऐका.

आता कॅलेंडर, आणि हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. काउंटीचं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून. नोव्हेंबरमध्ये बोर्ड आणि स्कूल बोर्ड एकत्र बसून पुढच्या वर्षाचा अंदाज ऐकतात, पैसे कमी पडणार का ते तिथेच कळतं. जानेवारीत शाळांचे सुपरिंटेंडंट त्यांचं बजेट मांडतात. फेब्रुवारीत काउंटी एक्झिक्युटिव्हचं बजेट येतं, त्याला ॲडव्हर्टाइज्ड बजेट म्हणतात, आणि त्याच सुमाराला घराच्या असेसमेंटची, म्हणजे काउंटीने टॅक्ससाठी ठरवलेल्या किमतीची, नोटीस घरी येते. मग मार्चमध्ये बोर्ड टॅक्सचा रेट जाहीर करतं, आणि इथे नीट लक्ष द्या, हा जाहीर केलेला रेट म्हणजे छत. नंतर त्याच्यापेक्षा कमी रेट लावता येतो, जास्त लावायचा तर परत जाहिरात द्यायला लागते. २०२४ ला हेच झालं, एक्झिक्युटिव्हने घराच्या टॅक्सचा रेट १०० डॉलर किमतीमागे १.०९५ डॉलरवरून १.१३५ करा म्हणून प्रस्ताव मांडला होता, शेवटी बोर्डाने १.१२५ केला. म्हणजे १०० डॉलर किमतीमागे फक्त एका सेंटचा फरक, पण या काउंटीत एक सेंट म्हणजे ३ कोटी डॉलरच्या आसपास रक्कम. ती कुठून कापायची हे मार्च-एप्रिलमध्येच ठरतं. एप्रिलमध्ये सलग काही दिवस पब्लिक हिअरिंग, मग एप्रिलअखेर किंवा मेच्या तोंडावर मार्कअप, म्हणजे बोर्ड शेवटचे फेरबदल करून पॅकेज पक्कं करतं, आणि मेमध्ये मंजुरी. मार्कअप झालं की संपलं. मेमध्ये पाठवलेली पिटिशन कितीही सह्यांची असली तरी ज्या खात्यातून पैसे काढायचे ती खाती तोवर बंद झालेली असतात. फेब्रुवारी ते एप्रिल. फ्रीजवर लिहून चिकटवा.

घराच्या बिलाबद्दल लोक दरवर्षी फसतात. बातमी येते की रेट कमी केला, सगळे खूश. २०२५ ला रेट १.१२५ वरून १.१२२५ झाला, खरंय. पण समजा तुमच्या घराचं असेसमेंट साडेसात लाखांवरून आठ लाखांवर गेलं, तर आधीचं बिल ८,४३७ डॉलर आणि नवीन ८,९८०. रेट उतरला आणि बिल साडेपाचशेच्या जवळपास चढलं. वर स्टॉर्मवॉटरचा, म्हणजे पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा, छोटा रेट वेगळा. बहुतेकांचं बिल बँक एस्क्रोमधून, म्हणजे हप्त्याबरोबर टॅक्ससाठी बाजूला काढलेल्या पैशातून भरते, २८ जुलै आणि ५ डिसेंबर या बिल भरायच्या तारखा त्यांना माहीतच नसतात, आणि मग मॉर्गेजचा हप्ता अचानक वाढला की बँकेशी भांडत बसतात. असेसमेंट चुकीचं वाटलं तर अपील करता येतं, पण त्याची मुदत वसंतातच असते, नोटीस आली की त्याच आठवड्यात उघडा. घर घेताना मालकाचं मागच्या वर्षीचं बिल बघून हिशोब करू नका, तुम्ही दिलेली किंमत बघून करा.

घरांवर एवढा बोजा का, तर व्हर्जिनियात काउंटीला राज्याने परवानगी दिलेलेच टॅक्स लावता येतात. इन्कम टॅक्स काउंटी लावत नाही. जनरल फंडातला, म्हणजे काउंटीच्या मुख्य तिजोरीतला, साधारण दोन तृतीयांश पैसा घर-जमिनीच्या टॅक्समधून येतो. रेस्टॉरंटच्या जेवणावर टॅक्स लावायचा प्रस्ताव २०१६ ला लोकांनी मतदानात पाडला होता, नंतर राज्याने कायदा बदलला, मतदानाची अट गेली, आणि १ जानेवारी २०२६ पासून बाहेरच्या जेवणावर ४ टक्के लागू झाला. मला स्वतःला तो योग्य वाटतो. घर असलेल्या म्हाताऱ्या माणसाकडूनच सगळं वसूल करण्यापेक्षा बरं. लाउडनमध्ये रेट कमी म्हणून तिकडे पळणारे पुष्कळ आहेत, तिथे डेटा सेंटर्सचा प्रचंड टॅक्स येतो म्हणून ते जमतं, उद्या तो ओघ आटला तर काय याचा विचारही करून ठेवा.

शाळा. जनरल फंडातला निम्म्याहून जास्त पैसा शाळांकडे जातो. पण स्कूल बोर्ड वेगळं, तेही निवडून आलेलं, १२ जणांचं, आणि त्यांना टॅक्स लावायचा अधिकार नाही. ते पैसे मागतात, सुपरवायझर देतात, आणि दिलेला पैसा कसा खर्च करायचा हे परत स्कूल बोर्ड ठरवतं. त्यामुळे वर्गात मुलं किती, शिक्षक किती, ॲडव्हान्स्ड ॲकॅडमिक्स, बँड, हे सगळं स्कूल बोर्डाकडे मांडायचं. एकूण किती पैसे मिळावेत हे सुपरवायझरकडे. आपली माणसं नेमकं उलटं करतात, सुपरवायझरला गणिताच्या वर्गाबद्दल लिहितात आणि स्कूल बोर्डासमोर प्रॉपर्टी टॅक्सवर चिडतात, दोन्हीकडून नम्र उत्तर येतं आणि काम काहीच होत नाही. आणि एक पालक म्हणून पोटतिडकीने सांगते, शाळेचं रेटिंग बघून घर घेणाऱ्यांनी निदान त्या शाळेचं बजेट कोण ठरवतं एवढं तरी बघावं.

आता माणसांचा विषय, मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हाच, कारण काउंटीची सेवा म्हणजे शेवटी माणसंच. बजेटची पीडीएफ अवाढव्य आहे, घाबरू नका, आपल्याला हवं ते खातं उघडा. प्रत्येक खात्याच्या सुरुवातीला एक तक्ता असतो, मागच्या वर्षी प्रत्यक्ष खर्च, यंदा मंजूर, यंदा सुधारित आणि पुढच्या वर्षीचा प्रस्ताव, असे रकाने. खर्चाच्या ओळी झाल्या की खाली ऑथोराइज्ड पोझिशन्स. ती ओळ डावीकडून उजवीकडे वाचा. डॉलर वाढलेले दिसतील, कारण पगार वाढले, पण पोझिशन कमी झाल्या असतील तर तुमच्या लायब्ररीच्या काउंटरवर माणूस कमी होणार. लोक फक्त डॉलर बघतात आणि म्हणतात बजेट तर वाढलंय. आणि ऑथोराइज्ड म्हणजे मंजूर, भरलेली नव्हे. भरती झाली नाही तर कागदावर पद असतं, खुर्ची रिकामी असते, बजेटातही काही जागा रिकाम्या राहणार असं धरूनच बचत मोजलेली असते. काउंटीच्या आफ्टरस्कूल प्रोग्रामला, ज्याला इथे सगळे सॅक म्हणतात, खोली असून भागत नाही, मुलांमागे ठरावीक मोठी माणसं असावीच लागतात, म्हणून वेटलिस्टबद्दल विचारायचं असेल तर जागा किती असं विचारू नका, मंजूर पदं किती आणि त्यातली भरलेली किती असं विचारा.

दुसरं म्हणजे इमारत आणि माणसं यांचे पैसे वेगवेगळ्या पिशवीतले. फायर स्टेशन किंवा लायब्ररीची इमारत बाँडमधून, म्हणजे कर्जरोख्यांतून होते, त्याला नोव्हेंबरच्या मतदानात लोक होकार देतात, काउंटीचं ट्रिपल ए, म्हणजे सगळ्यात वरचं पतमानांकन असल्यामुळे कर्ज स्वस्तात मिळतं. पण आत बसणाऱ्या माणसांचा पगार दरवर्षीच्या बजेटमधून. नवीन इमारत झाली म्हणून आनंदी होऊन थांबू नका, उद्घाटनाच्या वर्षी त्या खात्याच्या पोझिशन वाढल्यात का ते बघा. आणि २०२१ पासून व्हर्जिनियात काउंट्यांना युनियनशी सामूहिक करार करता येतो, फेअरफॅक्सने त्याच वर्षी तसा ठराव केला. त्यामुळे पोलीस, फायरच्या पगाराचा बराच भाग कराराने बांधलेला असतो, फेरफार करायला उरतो तो बाकीचा. मला हे करार पटतात, आपल्याला वाचवायला येणाऱ्या माणसाला नीट पगार हवाच, फक्त मागणी करताना कुठला पैसा मोकळा आहे ते कळायला हवं.

हिअरिंगला बोलायला सिटिझनशिप लागत नाही. परत सांगते, लागत नाही. एच-वन असो, ग्रीन कार्डची रांग असो, तुम्ही इथे राहता, बिलं भरता, नाव नोंदवा आणि बोला. मत देता येत नाही म्हणून वर्षानुवर्षं गप्प बसलेली आपली माणसं बघून मला फार वाईट वाटतं. बोर्डाच्या क्लर्कच्या ऑफिसकडे ऑनलाइन फॉर्म भरायचा, प्रत्यक्ष जा, फोनवर बोला किंवा लिहून पाठवा. बोलायला दोन-तीन मिनिटंच मिळतात. ओळखीतल्या एका काकूंनी मस्त केलं होतं, नाव सांगितलं, डिस्ट्रिक्ट सांगितला, सीनियर सेंटरच्या खात्याचं पान उघडून अमुक ओळीतली दोन पदं काढू नका म्हणाल्या, त्या पदांवरची माणसं काय करतात ते दोन वाक्यांत सांगितलं आणि वेळेच्या आधी खाली बसल्या. बोर्डातल्या एकाने लगेच पेन उचललं. आपल्याकडचे बरेच जण इथे येऊन आधी स्वतःचं शिक्षण आणि कंपनी सांगतात, त्यात अर्धा वेळ जातो, ते नको.

त्याहून चांगला रस्ता म्हणजे मार्चमध्येच तुमच्या सुपरवायझरच्या ऑफिसला ईमेल करून हा प्रश्न बजेट क्वेश्चन म्हणून विचारा अशी विनंती करायची. सुपरवायझरने विचारलेल्या प्रश्नांना स्टाफ लेखी उत्तर देतो आणि ती उत्तरं वेबसाइटवर सगळ्यांना दिसतात. पन्नास जणांनी एकच कॉपी-पेस्ट ईमेल टाकण्यापेक्षा असा एक नेमका प्रश्न जास्त काम करतो. डिस्ट्रिक्टच्या बजेट टाउन हॉललाही जा, गर्दी कमी असते, सुपरवायझर समोरासमोर भेटतात.

गाडीचं थोडक्यात: काउंटीत राहायला आल्यापासून ६० दिवसांत गाडी काउंटीकडे नोंदवा. डीएमव्हीची, म्हणजे राज्याच्या वाहन खात्याची, प्लेट घेतली म्हणजे झालं असं धरू नका. गाडीचा टॅक्स ५ ऑक्टोबरपर्यंत भरायचा, उशीर झाला की दंड.

आणि ज्यांचं एप्रिल हुकलंच त्यांच्यासाठी, जूनअखेर उरलेल्या पैशाचं काय करायचं यावर कॅरीओव्हर रिव्ह्यू होतो, उन्हाळ्यात प्रस्ताव येतो आणि शाळा सुरू झाल्यावर त्याची पब्लिक हिअरिंग असते. तिथे नवीन पदं क्वचित मिळतात, एकदाच करायच्या खर्चाला मात्र पैसे मिळू शकतात, खेळाच्या मैदानाची डागडुजी वगैरे. तेवढ्यासाठी अजून वेळ आहे, सुपरवायझरच्या ऑफिसला आत्ताच लिहा.