निरूपणाचा आवाज कसा ठेवावा: नवोदित कीर्तनकारांसाठी

सातारा जिल्ह्यातल्या गावोगावच्या सप्ताहांत उभा राहणारा नवखा कीर्तनकार पाठांतर चोख असूनही बहुधा आवाजामुळे फसतो. पहिल्या दहा मिनिटांतच तो टिपेला जातो आणि उरलेल्या दीड-पावणेदोन तासांत त्याला चढायला पायरी शिल्लक राहत नाही.

अभंगाची पट्टी, म्हणजे गाण्याचा आधारस्वर, पेटीवाल्याशी आधी ठरवून घ्यावी. टाळकऱ्यांना ती उंच हवी असते, कारण टाळ-पखवाजाच्या गजरात खालचे स्वर बुडून जातात. मात्र त्याच पट्टीत निरूपण, म्हणजे अभंगाचा अर्थ उलगडून सांगणे, सुरू केले, तर घसा बसायला अर्धा तास पुरतो. म्हणून गजर थांबल्यावर पखवाजाचा नाद पूर्ण विरू द्यावा, पोटातून श्वास घ्यावा आणि ओसरीवर शेजाऱ्याशी बोलताना जो स्वर लागतो, त्याच स्वरात पहिले वाक्य बोलावे.

मराठीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात, आणि नेमका तिथेच वक्त्याचा श्वास संपतो. ‘भक्तीला जात लागत नाही’ या वाक्यातला ‘नाही’ गिळला गेला, तर मागच्या रांगेतल्या आजींपर्यंत उलटाच अर्थ पोचतो. लांब वाक्यात अर्ध्यावर श्वास घेऊन शेवटचा शब्द पुरता ऐकवावा.

खरी परीक्षा चरित्रात, म्हणजे संताची कथा सांगताना, होते. गोरोबाकाका, म्हणजे संत गोरा कुंभार, नामस्मरणात दंग होऊन चिखल तुडवत आहेत आणि बाळ पायाखाली जाते, या प्रसंगी बहुतेक जण ओरडतात. तिथे आवाज खाली आणावा, गती निम्मी करावी आणि बाळाचा उल्लेख झाल्यावर दोन-तीन श्वास काहीच बोलू नये. मंडपातली कुजबुज आपोआप थांबते. गोरोबांच्या पत्नीचा आक्रोश बारीक बायकी आवाज काढून करणे टाळावे, कारण हमखास कुणीतरी हसते आणि करुण रस तिथेच संपतो. स्वर आपलाच ठेवून शब्दांतले अंतर वाढवले तरी पुरते. आवाज पुरता चढवायची जागा संपूर्ण कीर्तनात एकच ठेवावी, आणि ती कोणती हे घरून ठरवून यावे.

जागेप्रमाणे बदल करावा लागतो. पत्र्याच्या सभामंडपात आवाज घुमतो, तेव्हा सावकाश बोलावे. लोणंद-फलटणकडच्या पालखीतळासारख्या मोकळ्या जागी आवाज परत कानावर येत नाही, त्यामुळे वक्ता नकळत ओरडू लागतो. तिथे ध्वनिक्षेपकावर विश्वास ठेवावा. मंडपवाले हौसेने ‘इको’ वाढवतात, तो अभंगाला एक वेळ शोभतो, पण निरूपणात शब्दावर शब्द चढतो, म्हणून कीर्तनाआधीच तो कमी करायला सांगावे.

घसा सतत खाकरू नये, त्याने स्वरतंतूंवर ताण येतो. आवाज बसला असताना कुजबुजत बोलणेही तितकेच वाईट. त्यापेक्षा मौन बरे. सरावासाठी एकच ओवी सांगून, समजावून आणि विनवून अशी तीन प्रकारे म्हणावी, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकावी.