कुत्र्याला हॉट डॉग देताना या चुका टाळा

हॉट डॉग म्हणजे पावात घातलेले सॉसेज. त्यातला पाव, केचप, मोहरीचा सॉस, चीज आणि कच्चा कांदा आपल्याच ताटात राहू द्यावा. कुत्र्याच्या वाट्याला यावेत ते सॉसेजचे दोन-चार तुकडे, तेही कधीतरी. आपल्याकडे हे सॉसेज बहुधा गोठवलेल्या चिकन सॉसेजच्या पाकिटातून येते, आणि पाकीट घरात आले की त्याच त्या चुका सुरू होतात.

सर्वांत घातक चूक गोल चकत्यांची. काकडी चिरावी तसे सॉसेज चिरतात, पण ते ओलसर, दबणारे आणि नेमके घशाच्या मापाचे असल्यामुळे त्याची चकती श्वासमार्गावर बुचासारखी बसू शकते. माझ्याकडची पॉमेरेनियन तेव्हा अकरा वर्षांची होती आणि तिचे निम्मे दात गेलेले होते. घरात वाढदिवस होता आणि भाच्याने प्रेमापोटी एक अख्खे कॉकटेल सॉसेज तिच्यापुढे टाकले. ती पंजाने तोंड ओरबाडू लागली, पण खोकल्याचा आवाजही निघेना. जबडा उघडून पाहिले तर तुकडा दिसत नव्हता, आणि न दिसणारा तुकडा बोटाने चाचपला की तो आणखी आत जातो, एवढे भान सुदैवाने राहिले. तिला मागच्या पायांकडून उचलून डोके खाली केले आणि खांद्यांच्या मधोमध तळहाताने थापट्या मारल्या. पाचव्या थापटीला ते सॉसेज फरशीवर पडले. त्यावर दाताची एकही खूण नव्हती.

तेव्हापासून आमच्या घरी सॉसेज आधी उभे चिरले जाते, त्याच्या चार लांब फाका होतात आणि मग आडवे कापून वाटाण्याएवढे तुकडे केले जातात. यास दोन मिनिटे लागतात. ‘आमचा लॅब्रॅडोर मोठा आहे, त्याला काय होतंय’ असे म्हणणाऱ्यांनी तो खाऊ चावतो की नुसता ओढून घेतो, हे एकदा नीट पाहावे.

दुसरी चूक पाकिटाची मागची बाजू न वाचण्याची. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. त्यांची पूड ताज्या कांद्या-लसणापेक्षा तीव्र असते, आणि शिजवल्याने हा दोष जात नाही. शिवाय परिणाम लगेच दिसत नाही. फिकट हिरड्या, थकवा, गडद लघवी ही लक्षणे काही दिवसांनी उमटतात, तोवर सॉसेज दिल्याचे कोणाच्या लक्षातही नसते. म्हणून घटकांत कांदा किंवा लसूण दिसला, अथवा नुसतेच ‘मसाले’ असे मोघम लिहिलेले असले, तर मी ते पाकीट परत ठेवते. अशी चाळणी लावल्यावर बऱ्याचदा हाती काहीच उरत नाही. अशा वेळी बिनमिठाचे उकडलेले चिकन द्यावे, कुत्र्याची तक्रार नसते.

मिठाचेही तसेच. हॉट डॉगच्या ४५ ग्रॅमच्या एका सॉसेजमध्ये ४०० ते ५०० मिलिग्रॅम सोडियम सहज असते. मी सॉसेज चिरून भरपूर पाण्यात उकळते आणि ते पाणी फेकून देते. थोडे मीठ आणि चरबी त्याबरोबर जाते, सगळी नाही. तेलात परतणे मात्र सपशेल चूक.

प्रमाणाबाबत नवशिक्यांचा उतावीळपणा पाहवत नाही. दोन दिवसांत ‘बस’ आणि ‘थांब’ शिकवायचे म्हणून अख्खे पाकीट संपवणारे लोक मी पाहिले आहेत. खाऊचा वाटा दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये. दहा किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात, म्हणजे खाऊसाठी उरतात ६०. अर्ध्या सॉसेजमध्ये त्या संपतात.

सॉसेज थेट पाकिटातून थंड देऊ नये, वाफ येईपर्यंत तापवावे आणि कोमट झाल्यावर द्यावे. मायक्रोवेव्हमध्ये तापवले तर आतला भाग पोळतो, तेव्हा तुकडा फोडून पाहावा. सॉसेजवर वेगळे आवरण असेल तर ते सोलावे. काडीला टोचलेले कधीच देऊ नये.

स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्या, हृदयाचा वा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या कुत्र्याला सॉसेज अजिबात नको. निरोगी कुत्र्यानेही खाल्ल्यावर वारंवार उलट्या केल्या, पोटाला हात लावू दिला नाही किंवा पुढचे पाय पसरून पार्श्वभाग वर धरून तो तसाच राहिला, तर घरगुती काढे पाजत न बसता त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे, आणि जाताना सॉसेजचे पाकीट सोबत घ्यावे.